घोटलेला भोपळा: आधी पाणी काढा, मग लोणी घाला

बाबांना कवळी बसवली त्या हिवाळ्यात मी आठवड्यातून दोनदा तरी भोपळा घोटत होते. कवळी नवी, हिरड्या दुखऱ्या, चावायचं म्हटलं की कपाळाला आठी. पातळ काही दिलं तर म्हणायचे, "मी आजारी नाहीये गं. ताटात काहीतरी दिसू दे." म्हणजे चमच्यावर उभं राहील, पण जीभ लागताच विरघळेल असं तोंडीलावणं मला हवं होतं.

पहिल्या तीन-चार खेपा बिघडल्या. सोललेल्या फोडी मी पाण्यात उकडत होते, निथळून घोटत होते, मग लोणी आणि क्रीम. पातेल्यात छान दिसायचं. ताटात वाढलं की पाच-दहा मिनिटांत कडेने पिवळं पाणी सुटायचं आणि मधे नुसता चोथा उरायचा. दर वेळी मला वाटायचं क्रीम कमी पडलं, म्हणून पुढच्या वेळी मी ते वाढवायची. त्याने पदार्थ जड झाला, मऊसूत झाला नाही. भोपळ्याच्या गरात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते आत तसंच ठेवून वरून कितीही स्निग्ध पदार्थ ओता, तो त्या पाण्यात तरंगत राहतो. पाणी आधी बाहेर काढलं, की तेच लोणी गरात मुरतं. खाली जे काही सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

भोपळा कोणता घ्यावा

इंग्रजीत ज्याला विंटर स्क्वॉश म्हणतात, तो हिवाळ्यात पिकत नाही. वेलावरच पूर्ण जून होतो, साल टणक होते, उन्हाळा संपता संपता किंवा थंडीच्या आधी उतरवला जातो आणि हिवाळाभर टिकतो, म्हणून ते नाव. आपला लाल भोपळा, म्हणजे डांगर, याच घरातलं. दुधी या कामाचा नाही, आणि कोवळा लाल भोपळाही नाही. जून भोपळा हीच पहिली अट.

बाजारात वेगवेगळ्या नावांनी जे मिळतात ते बहुतेक तीन जातींत बसतात, आणि घोटल्यावर प्रत्येकाची चाल वेगळी असते. बटरनट हा कुकुर्बिटा मोस्चाटा जातीचा. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स लेगेट यांनी तयार केलेला हा वाण. त्याची लांब मान आतून भरीव असते, तिथे बिया नसतात आणि धागेही फार कमी. पहिल्यांदा करणार असाल तर हाच घ्या. काबोचा, होक्काइडो आणि हबर्ड हे मॅक्सिमा जातीचे. यांच्या गरात पिष्ट जास्त, पाणी कमी. घोटल्यावर उकडलेल्या चेस्टनटसारखे घट्ट आणि जरा कोरडे लागतात. यांना आटवायची गरज थोडी, उलट क्रीम जास्त लागतं. एकॉर्न हा पेपो जातीचा, चवीला सौम्य आणि पाणीदार, त्याला जास्त वेळ आटवावं लागतं. स्पॅगेटी स्क्वॉशही पेपोच, पण तो घेऊ नका. शिजला की त्याच्या शेवयाच सुटतात, त्या घोटून मऊ होत नाहीत.

मला स्वतःला अर्धा बटरनट आणि अर्धा काबोचा असं मिश्रण सगळ्यात आवडतं. एकाचा ओलावा दुसऱ्याचा कोरडेपणा भरून काढतो.

निवडताना हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. बटरनटची साल चकचकीत असेल किंवा देठाजवळ हिरव्या रेषा असतील तर तो पुरता पिकलेला नाही. साल मळकट-मॅट हवी, नख दाबलं तर रुतता कामा नये, आणि देठ वाळून बुचासारखा झालेला हवा. देठच नसेल तर त्या खळग्यातून सड आत शिरते. असा फार दिवस ठेवू नये. अख्खा, न कापलेला भोपळा १० ते १५ अंश तापमानाला, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवला तर बटरनट दोन-तीन महिने सहज राहतो. काबोचा तर उतरवल्यावर काही आठवडे ठेवल्यानेच गोड होतो, कारण त्यातल्या पिष्टाची हळूहळू साखर होत जाते. अख्खा भोपळा फ्रिजमध्ये ठेवू नका. कापलेला मात्र फ्रिजमध्येच, नीट झाकून, आणि चार दिवसांत संपवायचा.

कापण्याआधी आणि कापताना

कापल्याबरोबर कच्च्या गराचा इवलासा तुकडा जिभेवर ठेवून बघा. जरा गोडसर किंवा नुसता पाणचट लागेल. कडू लागला तर थुंका आणि अख्खा भोपळा टाकून द्या. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो. ती शिजवून जात नाहीत, साखर-लोण्याने झाकतही नाहीत, आणि त्यांनी उलट्या-जुलाब होतात. असा भोपळा क्वचित निघतो, पण म्हाताऱ्या माणसांसाठी किंवा लहान मुलांसाठी करत असाल तर हा एक घास चाखायचं विसरू नका.

सुरीखाली भोपळा गडगडतो, आणि बोटं कापायची बहुतेक वेळ तीच असते. पाटाखाली ओलं फडकं पसरा म्हणजे पाट हलणार नाही. आधी बुडाची चकती उडवा, भोपळा त्या सपाट बाजूवर उभा करा, आणि जड सुरी वरून खाली दाबत न्या. सुरी अडकली तर ओढाताण करू नका. पाठीवर लाकडी लाटण्याने हलके ठोके द्या. हबर्डसारखा दगडी असेल तर काट्याने पाच-सहा ठिकाणी टोचून मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवा. टोचणं चुकवू नका, आत कोंडलेल्या वाफेने तो फुटू शकतो.

सोलत बसू नका. सालीसकट भाजला की गर चमच्याने अलगद निघतो. कच्चा बटरनट सोलताना त्याचा चीक बोटांना लागतो, तो वाळल्यावर कातडी ताणल्यासारखी होते आणि काहींची सालही निघते. सोलावाच लागला तर हातमोजे घाला.

बिया काढताना मात्र हयगय नको. बियांच्या पोकळीतले दोरे खरवडून, अगदी भिंत गुळगुळीत लागेपर्यंत काढा. पुढे घोटताना जिभेला जे धागे लागतात ते बहुतेक इथूनच आलेले असतात. पातळ काठाचा स्टीलचा चमचा यासाठी चांगला. जाड काठाचा नुसता घसरतो. बिया धुऊन बाजूला ठेवा, त्यांचं काम शेवटी आहे.

भाजणं

साधारण १.२ किलोचा एक बटरनट घ्या. चार माणसांना तोंडीलावणं म्हणून पुरतो. ओव्हन २०० अंशांवर तापवा. दोन्ही अर्धुकांच्या कापलेल्या बाजूला तेलाचा हात फिरवा, चिमूटभर मीठ लावा आणि ट्रेमध्ये कागदावर पालथी ठेवा. पालथी यासाठी की पोकळीत वाफ कोंडते, तिने जाड मान आतून शिजते आणि ट्रेला टेकलेली कड खमंग तांबूस होते. ४५ ते ६० मिनिटं लागतात. पोकळीची बाजू आधी मऊ होते, त्यावर भरवसा ठेवू नका. मानेच्या सगळ्यात जाड जागी, सालीपर्यंत सुरी घालून बघा. लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. जरा जरी अडली तर अजून दहा मिनिटं. अर्धवट शिजलेला गर कितीही घोटला तरी रवाळच राहतो.

आता माझी एक सवय सांगते. शिजल्यावर अर्धुकं उताणी करून त्याच गरम ओव्हनमध्ये, दार थोडं उघडं ठेवून, आणखी दहा मिनिटं राहू देते. उलटताना पोकळीत साचलेलं चमचाभर पाणी चमकताना दिसतं. दहा मिनिटांनी ते उडून गेलेलं असतं. इथे जेवढं पाणी वाफेवाटे गेलं तेवढं पुढे पातेल्यात कमी ढवळावं लागतं.

ओव्हन नसेल तर वाफवा, पाण्यात उकडू नका. सालीसकट मोठ्या फोडी चाळणीत किंवा कुकरच्या डब्यात ठेवा. डब्यात पाण्याचा थेंब नको, पाणी फक्त कुकरच्या तळाशी. दोन शिट्ट्या पुरतात. वाफ आपोआप जिरली की लगेच फोडी बाहेर काढून ताटात पसरा. भाजल्याची खमंग चव यात येत नाही, आणि आटवायला वेळ दुप्पट लागतो. पण गर चांगला मऊ होतो, अडचण काही नाही.

आटवणं

कृतीचा गाभा हा आहे, आणि घाईत नेमका हाच टप्पा गाळला जातो.

गर चमच्याने काढून घ्या. करपलेली काळी कड असेल तर ती सोडा, तांबूस भाग मात्र घ्या. पसरट, जाड बुडाच्या पातेल्यात हा गर तसाच टाका. लोणी नाही, तेल नाही. मध्यम आच ठेवा आणि लाकडी उलथण्याने दाबत, पसरत, बुडाशी खरवडत राहा. पहिली दोन-तीन मिनिटं नुसती वाफ निघते. मग गर पुटपुट उडायला लागतो, थेंब मनगटावर बसतात आणि भाजतात, म्हणून लांब दांड्याचं उलथणं घ्या. हळूहळू तो पुटपुट आवाज मंद होतो. गर पातेल्याच्या कडा सोडून एका गोळ्यात यायला लागतो, रंग पिवळ्याचा गडद केशरी होतो, बुडाशी एक पातळ पापुद्रा धरतो. आता उलथण्याने बुडावर एक रेघ ओढा. ती लगेच भरून आली तर अजून पाणी आहे. दोन-तीन सेकंद तशीच उघडी राहिली तर झालं. बटरनटला मला आठ ते बारा मिनिटं लागतात, काबोचाला तीन-चारच.

एकदा उत्सुकता म्हणून मी आधी आणि नंतर वजन करून पाहिलं. ७६० ग्रॅम गर पातेल्यात गेला आणि ६४० ग्रॅम बाहेर आला. पूर्वी माझ्या ताटात जे पिवळं पाणी सुटायचं ते हेच, जवळजवळ अर्धा ग्लास.

घोटणं

बटाटा मिक्सरमध्ये फिरवला की त्याचा चिकट गोंद होतो, कारण फुटलेल्या पेशींमधलं पिष्ट मोकळं होतं. भोपळ्याला ही भीती फारशी नाही, त्यात बटाट्याच्या मानाने पिष्ट बरंच कमी. त्यामुळे हँड ब्लेंडर बिनधास्त वापरा. थोडा ठसठशीत, कुठे कुठे गाठी राहिलेला आवडत असेल तर हाताचा मॅशर पुरे. बाबांसाठी मी एक पायरी जास्त करायची: गरम गर स्टीलच्या चाळणीवर टाकून वाटीच्या बुडाने दाबून गाळायची. पुरणयंत्र असेल तर काम निम्म्यावर येतं. चाळणीवर मुठीत मावतील एवढे धागे उरायचे. ते डोळ्यांना दिसत नव्हते, हिरड्यांना मात्र नक्की टोचले असते.

लोणी, मग क्रीम

वरच्या ६४० ग्रॅम गराला मी ४५ ग्रॅम बिनमिठाचं लोणी घेते, थंडगार, छोटे तुकडे केलेलं. आच बंद करायची, गर गरम असतानाच दोन-दोन तुकडे घालायचे आणि ते दिसेनासे होईपर्यंत जोरात घोटायचं, मग पुढचे दोन. थंड लोण्यात स्निग्धांश, पाणी आणि दुधाचे घटक एकजीव असतात. हळूहळू वितळताना ते तसेच गरात मिसळतात. आधीच वितळवून ओतलं तर तुपासारखा थर वेगळा पडायची शक्यता जास्त. नीट जमलं की गराच्या पृष्ठभागावर रेशमासारखी चमक येते. ती चमक एकदा पाहिली की पुन्हा विचारावं लागत नाही.

लोणी संपलं की क्रीम, चार मोठे चमचे, कोमट करून. एकदम नाही, चमचा-चमचा. चमच्याने उचललेला ढीग टोक धरून राहिला आणि टोक किंचित वाकलं, तिथे थांबायचं. क्रीमऐवजी दुधावरची साय घोटून घातली तरी उत्तम. दूध पातळ असतं, ते फक्त फार घट्ट झालं तर सैल करायला वापरा. दुग्धजन्य पदार्थ चालत नसतील तर ऑलिव्ह तेल आणि घट्ट नारळाचं दूध यांवर काम भागतं; चव वेगळी येते, पोत तितकाच छान.

मीठ पाऊण छोटा चमचा, पण आधी अर्धा घालून चाखा. जायफळ किसणीवर चार-पाच वेळा ओढलेलं, त्याहून जास्त नको, नाहीतर भोपळा मागे पडतो. पांढरी किंवा काळी मिरी. आणि अगदी शेवटी लिंबाचा रस अर्धा छोटा चमचा. आंबट लागण्यासाठी नाही. भोपळ्याचा गोडवा नुसता सपाट असतो, त्या थेंबभर आंबटाने तो उठून येतो. हे एकदा लिंबाआधी आणि लिंबानंतर असं चाखून बघाच.

साखर किंवा मेपल सिरप घालायची पद्धत आहे. मी घालत नाही. जून भोपळा नीट भाजला आणि आटवला तर त्याची स्वतःची गोडी दाट होते. गोडी कमी वाटली तर बहुतेक वेळा मीठच कमी असतं. लसूण आवडत असेल तर अख्खा गड्डा तेल लावून, कागदात गुंडाळून भोपळ्याबरोबरच भाजायला ठेवा आणि त्यातल्या चार-पाच मऊ पाकळ्या गरात घोटा. कच्चा लसूण नको, तो सगळ्यावर कुरघोडी करतो.

बिघडलं तर

पाणी सुटलं तर परत पातेल्यात, पण आता क्रीम आत आहे म्हणून आच अगदी मंद. रवाळ लागला तर गर कच्चा आहे: दोन चमचे पाणी घाला, झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं वाफ द्या, मग पुन्हा आटवा. तेल सुटून वेगळं दिसायला लागलं तर चमचाभर थंड क्रीम घालून जोरात घोटा, पुन्हा जुळून येतं.

आधी करून ठेवायचं असेल तर

झालेला पदार्थ फ्रिजमध्ये झाकून तीन दिवस चांगला राहतो. ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. परत गरम करताना मंद आच, चमचाभर क्रीम, आणि सतत ढवळणं. फ्रीझरमध्ये टाकायचा असेल तर लोणी-क्रीम घालण्याआधीचा, नुसता आटवलेला गर टाका. मी तो डब्यात भरून वर तारीख लिहिते. बर्फ उतरल्यावर थोडं पाणी सुटतं, ते दोन मिनिटं आटवलं की झालं.

घोटलेला भोपळा घरी बाटलीबंद करून कपाटात ठेवायचा विचार मात्र करू नका. तो इतका दाट असतो की उष्णता मधोमध सारखी पोचत नाही, आणि भोपळ्यात आंबटपणा नाही. अशा ठिकाणी बोट्युलिझमचे, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात. फ्रीझर हाच सुरक्षित मार्ग.

वाढताना

खोलगट भांडं गरम पाण्याने विसळून, पुसून घ्या, म्हणजे भोपळा लगेच निवत नाही. त्यात ढीग घाला आणि चमच्याच्या पाठीने गोल गोल ओहोळ काढा. त्या ओहोळात लोणी साठलं पाहिजे. दोन चमचे लोणी छोट्या पातेलीत मध्यम आचेवर वितळवा. आधी फेसाळेल, तडतडेल, मग शांत होईल आणि तळाशी बदामी कण दिसतील. खमंग वास आला की क्षणभरही न थांबता उतरवा, त्यानंतर ते पटकन करपतं. सेज मिळत असेल तर चार पानं त्या लोण्यात कुरकुरीत होतात. हे लोणी ओहोळात ओता.

बाजूला ठेवलेल्या बिया फडक्याने कोरड्या करून, चमचाभर तेल आणि मीठ लावून १६० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं भाजा. मऊ भोपळ्यावर त्यांचा कुरकुरीतपणा फार छान लागतो. त्या हिवाळ्यात मी त्या फक्त आमच्या ताटात घालायचे. बाबांच्या ताटात बियांच्या जागी लोण्याचा एक खडा.

"बाबा, अजून वाढू का तुम्हाला?"

"वाढ. आणि तो खडा जरा मोठा ठेव."

पुढे हिरड्या बऱ्या झाल्या, कवळी नीट बसली. एका संध्याकाळी मी वाढत होते, तर त्यांनी लोण्याचा खडा चमच्याने बाजूला सारला आणि बियांच्या वाटीकडे बोट दाखवलं.